विस्तार करा

बदलापूरचा माणूस परगावी गेला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "शेवटची लोकल किती वाजता?" आणि दुसरा, "पाणी कसं आहे हो तुमच्याकडे?" २०१५ साली आमच्या गावाच्या नावाचा एक हिंदी सिनेमा निघाला, तेव्हापासून "तुमच्याकडे कोणी कोणाचा बदला घेतला?" हा तिसरा प्रश्नही सुरू झालाय. वास्तविक गावातली जुनी मंडळी सांगतात की इथे घोडे बदलत म्हणून हे बदलापूर. पण घोडे बदलण्यावर सिनेमा निघत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मी ठरलेलं उत्तर देतो. पाणी भरपूर आहे, कधीकधी तर ते भेटायला घरी येतं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी अशीच न कळवता आली होती. २७ जुलै २०१९ ला तिने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून धरली, आणि हजारावर प्रवासी नावांतून काढावे लागले. मुंबईहून कोल्हापूरला आगगाडीने निघालेला माणूस वाटेत नावेत बसतो, हा मान आमच्याच पंचक्रोशीचा.

असल्या गावात जन्मून मी दुष्काळावर निबंध लिहिला आणि त्यात पहिला नंबर पटकावला. या गोष्टीची मला लाज वाटते, म्हणून गेली पन्नास वर्षं मी ती अभिमानाने सांगत आलो आहे. आज खरी सांगतो.

साल १९७३. मी सातवीत होतो. त्या वेळचं बदलापूर म्हणजे भाताची खाचरं, आंब्याची झाडं, घरोघरी विहीर, पलीकडे नदी आणि लांबवर चंदेरीचा सुळका. स्टेशनावर उतरून गावात यायचं तर टांगा करायचा. टांगेवाला भाडं ठरवताना घोड्याचं वय सांगायचा, म्हणजे आपण उतरून चालत जाऊ अशी त्याची अपेक्षा असावी.

त्या वर्षीचा उन्हाळा विक्रमी होता, असं मी घरात नेहमी सांगत असे. नातवाने एकदा फोनवर शोधून माझी पंचाईत केली. "आजोबा, सांताक्रूझचा विक्रम १४ एप्रिल १९५२ चा आहे. ४२.२ अंश. तेव्हा तुम्ही जन्मलाच नव्हता." मी म्हटलं, "सांताक्रूझचं सोड, आपल्या कोकणातलं बोल." तर त्याने भिऱ्याचे ४६.५ काढून दाखवले, तेही मार्च २०१७ चे. म्हणजे माझ्या उन्हाळ्याला दफ्तरात कुठे जागाच नाही! पण नातवाच्या फोनमध्ये आमच्या आजीचे पापड नाहीत. त्या वर्षी ती वाळवणाचा शेवटचा पापड मांडून कमरेवर हात ठेवून उभी राहायची, तोवर पहिला वाळलेला असे. स्टेशनच्या रस्त्यावरचं डांबर इतकं मऊ झालं होतं की माझी एक चप्पल तिथेच राहिली. मी घरी एका पायाने उड्या मारत आलो, आणि चप्पल हरवली म्हणून दुसऱ्या चपलेने मार खाल्ला. याला विक्रम म्हणायचं नाही तर कशाला?

आणि आमच्या विहिरीला तळ दिसला. माझ्या जन्मापासून हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे वाड्यातली सगळी पोरं काठावर जमली. गाळातून दोन बादल्या निघाल्या, एक रहाटाची कप्पी निघाली, आणि आत्याच्या लग्नात हरवलेला पितळी तांब्या निघाला. या तांब्यापायी आजीने आत्याच्या सासूशी नऊ वर्षं अबोला धरला होता. आता निदान तो तरी सुटेल असं आम्हाला वाटलं. आजीने तांब्या चिंच लावून लख्ख घासला, फळीवर ठेवला आणि म्हणाली, "नसेल घेतला. पण घेण्यातली आहेच."

आमचा दुष्काळ एवढाच. नदीला पाणी होतं आणि दोन पावलं जास्त चाललं की हंडा भरत होता. खरा दुष्काळ घाटावर होता, आणि तो आमच्यापर्यंत आला तो रेशनच्या पिशवीतून. पिशवीत मिलो होता. ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांना सांगतो, मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिकडे ती गुराढोरांना घालतात हे आम्हाला मागाहून कळलं, पण चवीवरून शंका आधीच आली होती. तिची भाकरी थापताना फाटे, भाजताना फाटे, आणि ताटात पडेपर्यंत टिकलीच तर मग मात्र दाताने फाटत नसे.

हा मिलो आमच्या ताटात का आला, ही हकीकत पुढे वाचली तेव्हा मी थक्क झालो. १९७२ साली पार तिकडे दक्षिण अमेरिकेजवळचा समुद्र तापला. एल निनो म्हणतात त्याला. पेरू देशाच्या किनाऱ्यावरचे मासे गायब झाले, आणि आपला मोसमी पाऊस देशभरात सरासरीच्या जवळजवळ चौथा हिस्सा कमी पडला. त्याच वर्षी रशियाचं पीक बुडालं, आणि रशियाने गुपचूप अमेरिकेतला गहू जहाजंच्या जहाजं भरून विकत घेतला. जगात धान्याचे भाव भडकले. शहरातल्या बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढे मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर. आमची आत्या तेव्हा गोरेगावात राहत असे, ती या मोर्चाला गेली आणि थाळीला तीन पोचे पाडून परत आली. तिची सासूही सोबत गेली होती, हे ऐकून आजी म्हणाली, "लाटणं तिचं स्वतःचं नसणार."

दुष्काळाने सर्वात जास्त पोळले ते नगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सोलापूर, सांगली या बाजूचे जिल्हे. (यातल्या तिघांची नावं आता बदलली आहेत. पाऊस मात्र जुन्याच नावांवर पडतो, म्हणजे पडत नाही.) आमच्या ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर नगरला चांगल्या वर्षीही त्याचा चौथा हिस्सा पडला तरी खूप. आणि हे सलग दुसरं की तिसरं वाईट वर्ष होतं.

त्या नगरहून आमच्या वर्गात एक मुलगा आला. दिवाळीची सुट्टी संपली आणि तो शेवटच्या बाकावर बसलेला दिसला. त्याचे मामा रेल्वेत गँगमन होते. आईबापांनी खाणारं एक तोंड कमी करायला त्याला इकडे धाडलं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की हा 'ण'ला 'न' म्हणतो. त्याचं नाव आम्ही लगेच 'नगऱ्या' ठेवलं आणि मोठा विनोद केल्यासारखे हसलो.

नगऱ्याची पाणी पिण्याची तऱ्हा निराळी होती. आम्ही नळाला तोंड लावून निम्मं पाणी सदऱ्यावर सांडत असू. तो ओंजळ भरायचा, प्यायचा, आणि ओल्या हातांनी तोंड पुसायचा. मग राहिलेला ओलावा मानेला लावायचा. एकदा तो आमच्या घरी आला होता. आईने हातावर पाणी घातलं, तर हा धुतलेले हात घेऊन अंगणभर फिरतोय. काय शोधतोस विचारलं तर म्हणाला, "झाड." तुळशीत हात झटकून मगच आत आला. आजीने त्या दिवसापासून त्याला आपल्या पंगतीत घेतलं. आम्ही तेरा वर्षं घरात होतो, आम्हाला हा मान नव्हता.

एका रविवारी त्याला आम्ही नदीवर नेलं. आम्ही धडाधड उड्या मारल्या. हा काठावर उभा. आम्हाला वाटलं, भ्याला. मी ओरडलो, "ये की रे!" तर त्याने विचारलं, "ह्ये पानी कुठं चाललंय?"

"खाली. कल्याणला. मग खाडीला, समुद्रात."

"सगळं?"

"सगळं."

"अन् कुनी अडवत न्हाई?"

आम्ही पाण्यात पडून हसलो. हसता हसता माझ्या नाकात पाणी गेलं, एवढीच त्या प्रश्नाची शिक्षा मला मिळाली. वास्तविक त्याच सुमारास, १९७२ मध्ये, आमच्या गावाजवळ बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाचं धरण उभं राहिलं होतं. म्हणजे अडवणारे होते. पाणी अडवून ते कारखान्यांना आणि शहरांना द्यायचं, आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज करायचे, अशी व्यवस्था होती. पण आम्ही सातवीतली पोरं. आमच्या लेखी धरण म्हणजे सहलीची जागा.

आता निबंध.

फेब्रुवारीत शाळेने दुष्काळ निधीसाठी घरटी मूठमूठ धान्य गोळा केलं आणि जोडीला निबंध स्पर्धा ठेवली. विषय, 'महाराष्ट्रातील दुष्काळ'. पहिलं बक्षीस, वॉटरबॅग! खांद्याला अडकवायचा पट्टा, वर पेल्याचं झाकण, निळं प्लॅस्टिक. दुष्काळाच्या निबंधाला वॉटरबॅग देण्यात काही विनोद आहे हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. ती गुरुजींच्या टेबलावर आठ दिवस ठेवली होती, आणि मी त्या आठ दिवसांत जेवढा अभ्यास केला तेवढा पुढे बी. ए. लाही केला नाही.

मी आठ पानं लिहिली. पहिल्याच वाक्यात वसुंधरेचे ओठ फुटले होते. दुसऱ्या परिच्छेदात आभाळाचे डोळे कोरडे पडले. मग मी इतिहासात शिरलो. बारा वर्षं चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ घेतला. बादशहाची कोठारं लुटू देणारे मंगळवेढ्याचे दामाजीपंत घेतले. ज्या दुष्काळात तुकोबांची बायको आणि मुलगा गेला, तो घेतला. आमच्या वर्गातला एक मुलगा शेवटच्या बाकावर बसून दुष्काळातून आला होता, तो तेवढा घेतला नाही. ते सुचलंच नाही. निबंध म्हणजे पुस्तकातून पुस्तकात न्यायची गोष्ट, माणसांना विचारायची नव्हे, अशी माझी समजूत होती. पुढे नोकरीत अहवाल लिहितानाही तिने मला चांगली साथ दिली.

मला दहापैकी साडेआठ मिळाले. गुरुजींनी निबंध वर्गात वाचून दाखवला. वसुंधरेच्या ओठांपाशी त्यांचा स्वतःचाच गळा दाटला. मला वॉटरबॅग मिळाली. मी ती त्या दिवशी वर्गात, मैदानात, घरी, जेवताना आणि झोपतानाही खांद्याला ठेवली.

वह्या परत वाटायचं काम माझ्याकडे होतं. नगऱ्याची वही मी उघडून पाहिली. त्याने लिहिलं होतं:

'आमची विहीर आटली. बैल सोडले. आई अन् बा खडी फोडतात. मी मामाकडे आहे. इकडे पाणी आहे.'

खाली तांबड्या शाईत तीन गुण आणि शेरा, 'विस्तार करा.'

गुरुजींना दोष देत नाही. अहो, पाच वाक्यांना दहापैकी तीन म्हणजे वाक्यामागे अर्ध्याहून जास्त गुण पडतो. माझ्या आठ पानांना तो दर मिळाला असता तर गणिताच्या मास्तरांना बोलवावं लागलं असतं. शाळा सुटल्यावर नगऱ्या माझ्यापाशी आला. मला वाटलं, वॉटरबॅग पाहायला मागणार. त्याने विचारलं, "तू कव्हा आलतास आमच्याकडं?"

"कुठे, नगरला? नाही बुवा."

"मंग भेगा बोटभर रुंद असत्यात म्हून कसं लिव्हलंस? हात जातो आत. ह्यो असा, कोपरापर्यंत."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. चुकीचं माप दिलेल्या दुकानदाराला सांगावं तसं त्याने सांगितलं. मी थोडा वरमलो, पण पहिला नंबर माझा होता. मोठेपणाने म्हटलं, "तूसुद्धा जरा वाढवून लिहायचं होतंस. बैल सोडले म्हणजे काय, हे कोणाला कळणार? संध्याकाळी सगळेच सोडतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वैरन न्हाई, गिऱ्हाईक न्हाई. मंग दावं सोडायचं अन् लांब नेऊन सोडून यायचं. एक आलता परत, आठ दिसांनी. बा त्याला पुन्यांदा सोडून आला."

एवढाच त्याने विस्तार केला.

खडीचा विस्तार मला पुढे पुस्तकांतून करावा लागला. दुष्काळात माणसांना खडी फोडायला बसवायचं ही रीत इंग्रजी अमलातली. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात रिचर्ड टेंपल नावाच्या साहेबाने काटकसर म्हणून मजुरी इतकी खाली आणली, की एका माणसाला दिवसाकाठी एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि वर किरकोळ पैसे. त्यावर माणसाने दिवसभर दगड फोडायचे. उपाशी माणसं हजारोंनी काम टाकून उठली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या वतीने सरकारशी भांडली. लाखो माणसं मेली. टेंपलसाहेब लगेच मुंबईचे गव्हर्नर झाले. काटकसरीचं चीज झालं म्हणायचं.

१९७२-७३ ला तसं झालं नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या तासगाव तालुक्यात 'मागेल त्याला काम' ही कल्पना आधीच करून पाहिली होती, ती त्या दुष्काळात राज्यभर नेली गेली. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी, म्हणजे दहातला एक माणूस, त्यात बाया फार मोठ्या संख्येने, उन्हात बसून दगड फोडत होता, बांध घालत होता, पाझर तलाव खणत होता. खाण्यासाठी सुकडी मिळे. खडीचे ढीग इतके झाले की रस्ते पुरेनात. लोक त्याला हसलेही. पण पूर्वीच्या दुष्काळांत मरत तशी माणसं मेली नाहीत. त्यावरून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा नमुना हाच समोर होता.

आणि या हमीसाठी पैसा कुठून आणायचा? तर १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. मी कारकून म्हणून लागलो त्या महिन्यापासून निवृत्त होईपर्यंत तो माझ्या पगारातून कापला गेला, आणि दर महिन्याला तो आकडा पाहून मी सरकारच्या नावाने बोटं मोडली. "कसला व्यवसाय? मी नोकरी करतो!" हा माझा विनोद ऑफिसात चांगला चालत असे. ते पैसे नगऱ्याच्या आईसारख्यांच्या खडीला जातात हे मला निवृत्तीनंतर कळलं. एकोणतीस वर्षं पुण्य केलं, पण शिव्या देत केलं. चित्रगुप्त ते कोणत्या खात्यात टाकणार कोण जाणे.

१९७३ चा पाऊस चांगला झाला. मात्र त्याआधीच, मे महिन्याच्या शेवटी, नगऱ्या परत निघाला. त्याला पोचवायला मामा जाणार होते. पुणे, दौंडमार्गे नगर. तो आजीच्या पाया पडायला आला तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या उन्हातानाचा जातोय. तुझ्या बाटलीत पाणी भरून दे त्याला."

मी म्हटलं, "तांब्या देऊया की." आत्याचा तांब्या फळीवर आयताच होता. आजीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी वॉटरबॅग आणली. तिच्यात मी स्वतः, माझ्या हाताने, पाणी भरलं, आणि काठोकाठ भरलं, हे एक कबूल करा. उरलेलं पाणी सांडणार तोच नगऱ्याने भांडं माझ्या हातून घेतलं आणि तुळशीत ओतलं. पट्टा त्याने खांद्याला न लावता बॅग दोन्ही हातांत धरली. मी त्याला सांगितलं, "परत पाठव हं." निरोपाचं माझं शेवटचं वाक्य हे होतं.

वॉटरबॅग जूनमध्ये आली नाही. जुलैत नाही, गणपतीत नाही. आठवीच्या वर्गात मी 'बक्षीस गेलं' म्हणून सगळ्यांना सांगत होतो. "घाटावरची माणसं," असंही मी एकदा म्हणालो. आजीच्या कानावर ते गेलं नाही म्हणून वाचलो.

दिवाळी झाल्यावर एक दिवस ते मामा गावाकडून आले आणि थेट आमच्या ओटीवर येऊन बसले. पिशवीतून त्यांनी वॉटरबॅग काढली. निळ्या प्लॅस्टिकवर चरे पडले होते, पण झाकण गच्च बसवून वर सुतळी बांधली होती. मी हातात घेतली तर जड लागली, आणि हलवली तर पाण्यासारखी वाजेना. आजीने झाकण उघडून सुपात ओतली. बाजरी होती, नव्या पिकाची. हिरवट, टपोरी.

"पहिल्या मळणीतली हाय," मामा म्हणाले. "पोरानं मोजून भरली. काठोकाठ."

आजीने ती त्याच दिवशी जात्यावर दळली. सहा भाकऱ्या झाल्या. सगळ्या भाकऱ्यांना प्लॅस्टिकचा वास येत होता. मी नाक मुरडलं, तसा आजीने माझ्या पानातला अर्धा तुकडा उचलून स्वतःच्या पानात घेतला आणि म्हणाली, "तुला नको असेल तर राहू दे. मला अजून एक लागेल."

मी घाईघाईने उरलेला तुकडा तोंडात घातला.